सोडलेल्या जागा आणि राहिलेले देणे

निवडणुकीचे दिवस जवळ आले की रविवारची मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एक प्रश्न हमखास निघतो : आपल्या समाजाचा माणूस विधानसभेत का नाही? असाच एकदा आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मला म्हणाला, "फादर, इतरांना राखीव जागा आहेत. आपल्याला का नाहीत?" मी उत्तर देण्यापूर्वीच शेजारी उभे असलेले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "होत्या रे बाळा. आपल्याच पुढाऱ्यांनी सोडल्या." तो तरुण क्षणभर गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, "सोडल्या, की विकल्या?"

सर हसले, मीही हसलो. परंतु तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. सेमिनरीत असताना ग्रंथालयात संविधान सभेच्या वादविवादांचे जाडजूड खंड मी चाळले होते. ते पुन्हा काढून वाचले. आपल्या कुटुंबांतून आणि शाळांतूनही हा इतिहास फारसा सांगितला जात नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

नाव आणि वाटा

सार्वजनिक जीवनात समाजाच्या नावाने वाटा मागण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. मुंबई, साष्टी आणि वसई या पट्ट्यातील मूळच्या ख्रिस्ती लोकांनी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, म्हणजे १८८७ साली, 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. आपण मराठी बोलणारे, इथल्याच मातीतले. मग हे परके नाव कशासाठी? कारण त्या काळी रेल्वेत, गोदीत आणि सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्यांसाठी गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती बांधवांशी स्पर्धा होती. दोघांची आडनावे सारखीच, धर्मही एकच. आपण इंग्रजी राज्याचे इथले जुने प्रजाजन आहोत, हे साहेबाच्या ध्यानात यावे म्हणून कंपनी सरकारची आठवण करून देणारे नाव निवडले गेले.

यात हसण्यासारखे किंवा लाजण्यासारखे काही नाही. राज्यकर्ता माणसांना गटागटांनी मोजू लागला की प्रत्येक गटाला आपले नाव ठळक लिहिणे भाग पडते. मोजणी पुढे वाढतच गेली. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले. १९१९ च्या सुधारणांत पंजाबात शिखांना, तर मद्रास प्रांतात भारतीय ख्रिस्ती लोकांना तशीच सवलत मिळाली. विभक्त मतदारसंघ म्हणजे काय, हे आजच्या वाचकांसाठी सांगायला हवे. त्यात उमेदवार त्या समाजाचा असे आणि मतदारही फक्त त्याच समाजाचे असत. ख्रिस्ती उमेदवाराला हिंदू किंवा मुसलमान शेजाऱ्याच्या दारी मत मागायला जावेच लागत नसे.

ही पद्धत आपल्याला हवी की नको, यावर ख्रिस्ती पुढाऱ्यांत एकमत नव्हते. लंडनच्या गोलमेज परिषदांत ते स्पष्ट दिसले. मद्रासचे कॅथलिक पुढारी ए. टी. पन्नीरसेल्वम यांनी १९३१ साली विभक्त मतदारसंघ मागणाऱ्या अल्पसंख्याकांच्या करारावर सही केली, तर त्याच परिषदेतील दुसरे ख्रिस्ती प्रतिनिधी डॉ. एस. के. दत्त यांचा या पद्धतीला विरोध होता. पहिल्याला बहुसंख्याकांच्या लाटेत आपला आवाज बुडेल अशी भीती होती. दुसऱ्याला आपणच आपल्याभोवती भिंत बांधून घेऊ ही भीती होती. दोन्ही भीती खऱ्या होत्या.

१६ ऑगस्ट १९३२ रोजी पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. अस्पृश्य वर्गापुरती त्याची तरतूद येरवड्यात झालेल्या पुणे कराराने बदलली. ख्रिस्ती समाजाची कायम राहिली. १९३५ च्या कायद्यानुसार मुंबई प्रांताच्या विधानसभेत भारतीय ख्रिस्ती लोकांसाठी तीन आणि मद्रासमध्ये आठ जागा होत्या. आमच्या सरांचे "होत्या रे बाळा" हे उद्गार या जागांविषयीचे.

११ मे १९४९

९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेची पहिली बैठक भरली. अल्पसंख्याकांचे प्रश्न हाताळण्यासाठी सरदार वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती नेमण्यात आली. तिच्या अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष होते डॉ. हरेंद्र कुमार मुखर्जी. हे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ कलकत्ता विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. ते संविधान सभेचे उपाध्यक्ष झाले आणि डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या गैरहजेरीत अनेक दिवस त्यांनीच सभेचे कामकाज चालवले. पुढे १९५१ ते १९५६ या काळात ते पश्चिम बंगालचे राज्यपाल होते. आपल्या कमाईचा मोठा भाग त्यांनी विद्यापीठाला दान केला. मुलांच्या पाठ्यपुस्तकांत हे नाव मला क्वचितच आढळले आहे.

सभेत एक कॅथलिक धर्मगुरूही होते. मंगळूरला जन्मलेले येशूसंघीय फादर जेरोम डिसोझा हे मद्रासच्या लोयोला कॉलेजचे प्रमुख होते. त्यांची निवड मद्रास प्रांतातून झाली होती. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत भारताच्या शिष्टमंडळात ते अनेकदा गेले आणि १९५१ साली त्यांनी पुण्यात समाजकार्याच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन केली. तीच पुढे दिल्लीला हलवण्यात आली.

ऑगस्ट १९४७ मध्ये समितीने पहिला निर्णय दिला. विभक्त मतदारसंघ रद्द झाले, परंतु संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा ठेवण्याचे ठरले. ख्रिस्ती समाजासाठी त्या केंद्रीय विधिमंडळात आणि मद्रास व मुंबई या प्रांतांत लोकसंख्येच्या प्रमाणात राहणार होत्या. म्हणजे जागा हातात आल्या होत्या. त्या कोणी हिसकावून घेतल्या नाहीत.

त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत देशाने फाळणीचा रक्तपात पाहिला. धर्मावर मोजलेली मतपेटी शेवटी कोठे नेते, हे सर्वांनी अनुभवले. ११ मे १९४९ रोजी सल्लागार समितीची बैठक झाली. अनुसूचित जाती वगळता अन्य अल्पसंख्याकांसाठी विधिमंडळातील राखीव जागा रद्द कराव्यात, असा ठराव तेथे आला. तो मांडणारे होते डॉ. मुखर्जी. समितीने तो फार मोठ्या बहुमताने स्वीकारला. २५ व २६ मे रोजी सभेत त्यावर चर्चा झाली. मद्रासचे महंमद इस्माईल यांनी अखेरपर्यंत विभक्त मतदारसंघांचा आग्रह धरला. बेगम ऐजाज रसूल यांनी मात्र राखीव जागा अल्पसंख्याकांनाच घातक ठरतील असे बजावले. फादर डिसोझा यांनी ठरावाला पाठिंबा दिला.

अँग्लो-इंडियन समाजाचे नेते फ्रँक अँथनी यांनी वेगळी वाट घेतली. त्यांनी लोकसभेत दोन नामनियुक्त जागा आणि रेल्वे, जकात, टपाल, तारखाते यांतील नोकऱ्यांसाठी काही वर्षांची सवलत मिळवली. त्या नामनियुक्त जागा एकशे चाराव्या घटनादुरुस्तीनंतर जानेवारी २०२० मध्ये संपुष्टात आल्या.

बदल्यात काय मिळाले?

त्या तरुणाच्या 'विकल्या' या शब्दाचा विचार येथे करावा लागतो. लेखी सौदा झाला नव्हता. परंतु जागा सोडण्यापूर्वी काही गोष्टी संविधानात आल्या होत्या आणि त्या कोणत्याही जागेपेक्षा मोलाच्या होत्या. धर्म पाळण्याबरोबरच त्याचा प्रसार करण्याचा हक्क असावा की नसावा, यावर ६ डिसेंबर १९४८ रोजी चर्चा झाली. लोकनाथ मिश्र यांनी कडाडून विरोध केला. क. मा. मुन्शी यांनी त्या शब्दाची बाजू घेतली. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी तर स्वतःचाच दाखला दिला : आपण चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण आपला धर्म बदलण्याचा प्रयत्न तेथे कोणी केला नाही. तो शब्द राहिला. अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्कही मूलभूत हक्कांत आला. आज तो तिसावा अनुच्छेद म्हणून आपण ओळखतो. १९७४ साली अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने त्याला बळकटी दिली.

कृष्णम्माचारींच्या दाखल्याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. त्या दिवशी सभेत आपल्या बाजूने साक्ष दिली ती आपल्या शाळेत शिकलेल्या एका हिंदू विद्यार्थ्याने. आपल्या शाळांनी फक्त ख्रिस्ती मुलांसाठी दारे उघडी ठेवली असती, तर असा साक्षीदार कोठून मिळाला असता? राखीव जागेवरचा एखादा आमदार जे काम कदाचित करू शकला नसता, ते इतरांसाठी उघड्या ठेवलेल्या दाराने केले.

पुढच्या काळातही खुल्या दाराचा अनुभव आला. जोकिम अल्वा उत्तर कानडातून १९५२ पासून तीनदा लोकसभेवर निवडून गेले. त्यांच्या पत्नी व्हायोलेट अल्वा १९६२ ते १९६९ राज्यसभेच्या उपाध्यक्षा होत्या. बंगळूरच्या सेमिनरीतून बाहेर पडलेले जॉर्ज फर्नांडिस १९६७ साली मुंबईत स. का. पाटील यांना हरवून लोकसभेत गेले आणि पुढे बिहारमधील मुझफ्फरपूरने त्यांना निवडून दिले. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आपल्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले. धर्माच्या कारणाने काहींनी त्या निवडीला आक्षेप घेतला, परंतु मराठी साहित्यविश्व त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांना तो मान मराठी लेखणीमुळे मिळाला.

येथवर वाचून कोणालाही वाटेल की आपल्या पुढाऱ्यांचा निर्णय शंभर टक्के योग्य होता. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत असे.

ज्यांना विचारले नाही

त्याच मे १९४९ च्या निर्णयात एक तपशील आहे. शीख प्रतिनिधींनीही राखीव जागा सोडल्या, परंतु एक अट घातली. मजहबी, रामदासी, कबीरपंथी आणि सिकलीगर या आपल्यातील चार मागास समूहांना अनुसूचित जातींच्या यादीत घ्यावे, अशी ती अट होती. ती मान्य झाली. आपल्या ख्रिस्ती पुढाऱ्यांनी आपल्यातील दलितांसाठी अशी अट ठरावाला जोडलेली दिसत नाही.

याची मुळे आणखी मागे आहेत. १९३६ साली ब्रिटिश सरकारने अनुसूचित जातींची यादी काढली, तेव्हा भारतीय ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीची मानले जाणार नाही, असे त्यात लिहिले. त्या चौकटीत त्याला एक तर्क होता. ख्रिस्ती मतदाराची यादी वेगळी, जागा वेगळी. एकाच माणसाला दोन्हीकडे कसे मोजायचे? मात्र १९४९ साली ख्रिस्ती लोकांच्या जागाच गेल्या. मग तो तर्कही जायला हवा होता. तो गेला नाही. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी नवा आदेश काढला. हिंदू धर्माव्यतिरिक्त अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, असे त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात आले. अपवाद फक्त त्या चार शीख समूहांचा होता. १९५६ साली सर्व दलित शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात स्थान मिळाले. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. एका हाताने जागा सोडल्या आणि दुसऱ्या हाताला सवलत मिळाली नाही, अशी त्यांची दोन्हीकडून कोंडी झाली.

ही कोंडी कशी असते, हे एका खटल्यावरून कळते. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवणारा सुसई नावाचा एक चर्मकार होता. सरकारने अनुसूचित जातीच्या चर्मकारांना फुकट टपऱ्या दिल्या. सुसईला मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८५ साली निकाल त्याच्याविरुद्ध लागला. धर्मांतरानंतरही जातीचे अपंगत्व तितक्याच तीव्रतेने टिकते, हे पुरेशा पुराव्याने सिद्ध झालेले नाही, असे न्यायालयाने म्हटले. सुसई हे तमिळमध्ये योसेफाचे नाव. श्रमिकांचा आश्रयदाता म्हणून आपण ज्या संताचा सण १ मे रोजी साजरा करतो, त्याचेच. २००७ साली न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढून टाकण्याची शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच प्रश्नावर न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमण्यात आला.

सरकारला दोष देणे सोपे आहे. परंतु न्यायालयाला हवा असलेला पुरावा आपल्या ख्रिस्तसभेतच होता, हे सांगताना मान खाली जाते. दक्षिणेतील काही धर्मग्रामांत मृतांनाही वेगळे ठेवणारी भिंत दफनभूमीत उभी होती. २०१६ साली भारतातील महागुरुस्वामींच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि नेतृत्वाच्या जागांवर दलित बांधव अत्यल्प आहेत, हे मोकळेपणाने मान्य केले. हैदराबादचे महागुरुस्वामी अँथनी पूला २०२२ साली कार्डिनल झाले. भारतीय ख्रिस्तसभेला पहिला दलित कार्डिनल मिळायला एवढी वर्षे लागली. महाराष्ट्रात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि जालना या जिल्ह्यांत शेतमजुरी करणारी हजारो ख्रिस्ती कुटुंबे आहेत. आपल्या किनारपट्टीच्या धर्मग्रामांतील किती जणांनी त्यांच्या घरचे पाणी प्यायले आहे?

डॉ. मुखर्जी आणि फादर डिसोझा हे निःस्वार्थी पुरुष होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु ते शिकलेल्या, इंग्रजी येणाऱ्या, कॉलेजे आणि कचेऱ्या मोकळ्या असलेल्या ख्रिस्ती लोकांतून आले होते. त्यांनी स्वतःचे सोडले ते औदार्य होते. त्याबरोबर ज्यांच्याकडे दुसरे काहीच नव्हते, त्यांचेही सुटून गेले. त्यांना कोणी विचारले नाही. समाजाच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे. 'आपला समाज' म्हणताना डोळ्यांपुढे कोण उभे राहते? बंगलेवाले, बागायतदार, बँकेतले? की पाड्यावरचे, वीटभट्टीवरचे, दुसऱ्यांच्या घरी भांडी घासणारेसुद्धा?

यरुशलेमची पंगत

हा प्रश्न ख्रिस्तसभेइतकाच जुना आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात त्याची हकिगत आहे. यरुशलेममध्ये रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. त्यांच्या लोकांनी तक्रार केली. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना फूट पाडणारे म्हटले नाही आणि आपण सगळे ख्रिस्तात एक आहोत, असा उपदेश करून विषय मिटवलाही नाही. त्यांनी समुदायाला सात माणसे निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप आणि इतर, सातांचीही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या घरच्या विधवा उपाशी राहत होत्या, त्या लोकांच्या नावांची माणसेच वाटपाला उभी राहिली. पुढे ख्रिस्तसभेचा पहिला हुतात्मा याच सातांतून निघाला.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात असताना पवित्र गुरुवारच्या पाय धुण्याच्या विधीसाठी मी बारा जणांची यादी केली. धर्मग्राम मंडळाचे सदस्य, गायकवृंदाचे प्रमुख, देणगीदार. आवारात झाडलोट करणारे एक वृद्ध वारली गृहस्थ ती यादी फळ्यावर लावायला मला मदत करत होते. ते हळूच म्हणाले, "फादर, आमच्या पाड्यावरच्या कोणाचे पाय नाही चालणार?" मी यादी काढून घेतली. त्या वर्षी सहा जण पाड्यावरचे होते. परंतु पाय धुणे एका संध्याकाळचे असते. त्यांच्यातील एकाला धर्मग्राम मंडळावर घ्यायला मला आणखी दोन वर्षे लागली आणि त्या दोन वर्षांचे कारण माझ्याकडे नाही.

त्या तरुणाला मी नंतर भेटलो आणि सांगितले : जागा विकल्या नाहीत, सोडल्या. सोडणाऱ्यांचा देशावर आणि शेजाऱ्यावर विश्वास होता आणि पुष्कळ अंशी तो सार्थ ठरला. मात्र त्या सोडण्याचे मोल ज्यांनी भरले, ते तुझ्यामाझ्यासारखे नव्हते. त्यांचे देणे आपल्याकडे राहिले आहे. आपल्या शाळेच्या प्रवेशात, शिष्यवृत्तीत, पतपेढीच्या कर्जात आणि धर्मग्राम मंडळाच्या खुर्चीत ते फेडता येते. त्यासाठी कोणत्याही आयोगाच्या अहवालाची वाट पाहायला नको.

तो म्हणाला, "मग पुढच्या मंडळासाठी पाड्यावरची नावे मी आणून देऊ का?"

मी हो म्हटले. यादी अजून यायची आहे. मी वाट पाहत आहे.